पागोळ्यांखालचं लॅव्हेंडर : पार्ल्यातल्या एका मागच्या अंगणाचं प्रकरण

विलेपार्ले पूर्वेला तीन मजली जुन्या इमारतीत तळमजल्यावरचं हे घर. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की साधारण १२ फूट बाय ९ फुटांचं उघडं अंगण लागतं. खाली शहाबादी फरशी, तीन बाजूंनी कंपाउंडची भिंत आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांवरून पुढे आलेला छज्जा. मुंबईत जमिनीला लागून एवढी मोकळी जागा मिळणं म्हणजे भाग्यच, आणि घरातल्यांनाही त्याची जाण होती. निवृत्त शिक्षिका असलेल्या सासूबाई आणि नोकरी करणारी सून, दोघींनी मिळून तिथं पंचवीसेक कुंड्या मांडल्या होत्या. भाजीपाला नको होता. दिसायला देखण्या आणि हात लावला की दरवळतील अशा वनस्पती हव्या होत्या : रुपेरी पानांचं लॅव्हेंडर, रोझमेरी, थाइम, जांभळ्या पानांची बेसिल, पुदिना, पांढऱ्या कडेचा पानओवा, गवती चहा आणि मधोमध तुळस.

तक्रार अशी की दर पावसाळ्यात निम्मी बाग जायची. सप्टेंबरपर्यंत लॅव्हेंडर आणि थाइमच्या नुसत्या काड्या उरायच्या. नोव्हेंबरमध्ये नर्सरीतून नवी रोपं यायची, हिवाळाभर लांबुडकी, फिकी वाढायची आणि पाऊस आला की पुन्हा तेच. खत दिलं जात होतं, पाणी वेळेवर होतं, आठवड्यातून दोनदा माळीदादा येत होते. सून मला म्हणाली, “ताई, आमच्याकडून काय कमी पडतंय तेवढं सांगा.” कुंड्यांतल्या बागांचा सल्ला देण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न सतत येतो आणि बहुतेक वेळा उत्तर एकच असतं : कमी काही पडत नाही, जास्त पडतं.

ऑगस्टमधलं अंगण

मी गेले तेव्हा दोन दिवस उघडीप होती. दाराजवळ सुनेचं आवडतं लांबट प्लँटर होतं. त्यात लॅव्हेंडर, रोझमेरी, पुदिना आणि जांभळी बेसिल शेजारी शेजारी लावलेली. रंगांची जुळणी सुरेख होती, यात शंका नाही. पण लॅव्हेंडरची पानं मलूल होऊन लोंबत होती आणि माळीदादा झारी घेऊन उभे होते. “पानं लोळलीत, पाणी मागतंय,” ते म्हणाले.

आम्ही ते रोप मुळांसकट बाहेर काढलं. वरची कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेली माती काळी, हलकी होती. तिच्या पोटात नर्सरीच्या पिशवीतून आलेला लाल चिकण मातीचा गोळा जसाच्या तसा होता, बोट रुतेल इतका ओला. पांढरी, टणक असायला हवी होती ती मुळं तपकिरी पडली होती. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. मातीला आंबूस, गटारासारखा वास येत होता. सासूबाईंनी वास घेतला आणि काही न बोलता झारी माळीदादांच्या हातातून काढून बाजूला ठेवली.

मूळकूज म्हणतात ती हीच. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते आणि ती त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळते. या पोकळ्या दिवसचे दिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि पिथियम, फायटोप्थोरा असे पाण्यात फोफावणारे रोगकारक जीव त्यांवर चढतात. मूळ मेलं की ते पाणी ओढू शकत नाही. म्हणून चिखलात उभं असलेलं झाडही तहानेल्या झाडासारखंच मान टाकतं. वरून दोन्ही अवस्था सारख्या दिसतात, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. या घरातल्या रोपांचा शेवट बहुतेक वेळा असाच झाला होता. प्रेमाने घातलेल्या पाण्याने रोप जावं याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण घालणाऱ्याचं त्यात खरोखर काही चुकलेलं नसतं. पानं बघूनच तो निर्णय घेत असतो. कुंडी उचलून तिचं वजन बघायचं आणि दोन पेरं बोट मातीत खुपसायचं, एवढी सवय लागली तरी अर्धा प्रश्न सुटतो.

लॅव्हेंडर, रोझमेरी आणि थाइम ही भूमध्य समुद्राभोवतालच्या खडकाळ उतारांवरची झाडं. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपलं नेमकं उलट आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत २००० मि.मी.हून जास्त पाऊस कोसळतो, आणि तोही उकाड्यात. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर मार्सेय शहरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून जास्त आपल्या एकट्या जुलैत पडतो. पुदिन्याचं बरोबर विरुद्ध, त्याला कायम ओलावा हवा. एकाच प्लँटरमध्ये ही दोन्ही लावली की पाणी घालणाऱ्याने कितीही जपलं तरी दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले.

तळाशी घातलेले विटांचे तुकडे

“पण आम्ही प्रत्येक कुंडीच्या तळाशी चार बोटं विटांचे तुकडे घालतो,” सासूबाई म्हणाल्या. हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, आणि निचऱ्यासाठी ते उपयोगाचं नाही. उलट नुकसानच होतं.

हे पटवायला आम्ही स्वयंपाकघरात सिंकपाशी गेलो. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला. पाणी गळलं, मग थेंब थांबले. तोच स्पंज तसाच अरुंद कडेवर उभा केला तर पुन्हा बरंच पाणी खाली आलं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची बदलली. मातीचंही असंच आहे. निचरा होऊन गेल्यावरही तळाचा काही इंचांचा थर भिजलेलाच राहतो. या थराची उंची माती कशी आहे यावर ठरते, कुंडी किती खोल आहे यावर नाही. म्हणून उथळ कुंडीत जवळजवळ सगळी मुळं या ओल्या थरात सापडतात आणि खोल कुंडीत वरच्या बऱ्याचशा भागाला हवा मिळते.

तळाशी विटांचे मोठे तुकडे घातले तर बारीक मातीतलं पाणी त्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथंच अडकून राहतं. म्हणजे ओला थर नाहीसा होत नाही, चार बोटं वर सरकतो, थेट मुळांपाशी. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरेसा आहे. निचरा हवा असेल तर भरड माल तळाशी न घालता सगळ्या मातीत मिसळायला हवा. काढलेले विटांचे तुकडे आम्ही कुंड्यांच्या बाहेर, बुडाखाली ठेवले. शहाबादी फरशीवर सपाट टेकलेल्या कुंडीचं भोक बंद होतं, तीन तुकड्यांवर उचलली की मोकळं होतं.

पाणी कुठून येत होतं

पावसाचं पाणी सगळीकडे सारखं पडतं असं आपण धरून चालतो. या अंगणात तसं नव्हतं. दुपारी एक जोराची सर आली तेव्हा आम्ही दारात उभं राहून बघितलं. छज्जाच्या कडेवरून पागोळ्या सरळ रेघेत गळत होत्या आणि त्या रेघेखाली, भिंतीपासून दोन फुटांवर, लॅव्हेंडर-थाइमच्या सगळ्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. आकाशातून पडणाऱ्या पावसाशिवाय सबंध छज्जाचं पाणी त्यांच्यावर ओतत होतं. पागोळ्यांचे टपोरे थेंब माती उडवत होते आणि ती चिखलाची शिंतोडी खालच्या पानांवर बसत होती. पानांवरचे बुरशीचे डाग बहुतेक तिथूनच सुरू होतात.

दुसरा स्रोत त्याहून छुपा होता. पहिल्या मजल्यावरच्या एसीची नळी कोपऱ्यातल्या रोझमेरीच्या वर सुटत होती. दमट हवेत एका एसीमधून तासाला लिटरभर पाणी सहज गळतं. पावसाळ्यानंतरही ती कुंडी का सुकत नव्हती, याचा उलगडा तिथं झाला. वरच्या बिऱ्हाडाला सांगितल्यावर त्यांनी त्याच आठवड्यात नळी वाढवून गटाराकडे सोडली.

तिसरा स्रोत म्हणजे कुंड्यांखालच्या थाळ्या. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून ठेवलेल्या थाळ्या पावसाळाभर भरलेल्या असायच्या, म्हणजे कुंडी बुडापासून पाणी पीत राहायची. पण थाळ्या हटवायचं खरं कारण झाडांहून मोठं होतं. डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या थोड्याशा पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, थाळी घासावी लागते. महापालिकेचे कीटकनियंत्रणाचे कर्मचारी घरोघरी फिरून कुंड्यांखालच्या थाळ्या बघतात ते उगाच नाही. या घरातल्या दोन थाळ्यांत आम्हाला वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. सगळ्या थाळ्या त्याच दिवशी निघाल्या.

टॉवरची सावली

पावसाळ्याचं कोडं सुटलं तरी हिवाळ्यातली फिकी, लांबुडकी वाढ कशामुळे, हे राहिलंच होतं. सासूबाईंनीच धागा दिला. पूर्वी इथं मरवा कमरेइतका दाट व्हायचा, गजऱ्यात घालायला शेजारणी मागून न्यायच्या, असं त्या म्हणाल्या. मग दक्षिणेकडचा बंगला पाडून तिथं पुनर्विकासात चौदा मजली इमारत उभी राहिली.

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि २१ डिसेंबरच्या सुमाराला दुपारीही तो दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. समोर चौदा मजले असतील तर हिवाळाभर दुपारचं ऊन या फरशीपर्यंत पोचणारच नाही. सुनेने एका रविवारी दर तासाला उन्हाच्या तुकड्याभोवती खडूने रेघ ओढून वेळ लिहिली. नोव्हेंबरमधल्या त्या रविवारी भरलं जेमतेम दीड तास ऊन, तेही सकाळी दोन इमारतींच्या फटीतून आलेलं. रोझमेरी-लॅव्हेंडरला निदान सहा तास लागतात. सूर्य टॉवरच्या माथ्यावरून अंगणात डोकावतो तो एप्रिल ते ऑगस्ट, आणि त्यातले जूनपासूनचे महिने ढगांत जातात. म्हणजे भरपूर ऊन मिळतं ते फक्त एप्रिल-मेमध्ये, जेव्हा ही झाडं उकाड्याने आधीच थकलेली असतात.

हे कळल्यावर घरात थोडी निराशा पसरली. टॉवर काही हलणार नव्हता. पण निर्णय घेणं त्यामुळे सोपं झालं.

मांडणी नव्याने

आम्ही कुंड्या रंगांप्रमाणे न लावता पाण्याप्रमाणे लावल्या. पागोळ्यांच्या रेघेखाली आता गवती चहा आणि वाळा आहेत. दोन्ही गवतंच, त्यांची लवचीक पाती थेंबांचा मार झेलतात आणि त्यांच्या आडोशाला ठेवलेला पुदिना झोडपला जात नाही. घरात तीन निळ्या चकाकत्या चिनी मातीच्या कुंड्या होत्या, देखण्या पण बिनभोकाच्या. त्या टाकायला कुणाचा जीव होईना. तिथं ब्राह्मी लावली. ती मुळात पाणथळ जागेची, चिखलात सुखी असते. कुंडीच्या बाजूला, काठाखाली दोन इंचांवर ड्रिलने एक भोक पाडलं आणि माती त्या भोकाच्या वरपर्यंत भरली. आत चिखल राहतो, पण वर उघडं पाणी साचत नाही, त्यामुळे डासांना जागा नाही. जुलैपर्यंत ब्राह्मी कुंडीच्या काठावरून खाली लोंबायला लागली आणि तिला बारीक फिकट जांभळट-पांढरी फुलं आली. सगळ्या अंगणात आता माझी सर्वात आवडती कुंडी ती आहे.

मधला गट तुळस, पानओवा आणि कढीपत्त्याचा. त्यांना पाऊस चालतो, साचलेलं पाणी चालत नाही. मातीवर बारीक खडीचा बोटभर थर दिला, त्याने शिंतोडी थांबली. पांढऱ्या कडेच्या पानओव्याची एखादी फांदी पुरती हिरवी निघाली तर ती लगेच कापायची, नाहीतर हिरवी फांदी जोमाने वाढून कडेची नक्षी गिळून टाकते.

तुळशीबद्दल बोलणं नाजूक होतं. रोज सकाळी आंघोळ करून तांब्याभर पाणी घालण्याचा सासूबाईंचा नेम अनेक वर्षांचा. पावसाळ्यात भिजलेल्या कुंडीत तेवढं पाणी म्हणजे तुळशीला शिक्षाच. मी त्यांना म्हटलं, “मावशी, नेम मोडायला नको, पंचपात्रातल्या पळीने घाला.” त्यांना ते लगेच पटलं. पावसाचे चार महिने पळीभर, ऑक्टोबरच्या उकाड्यापासून पुन्हा तांब्या. मंजिऱ्या दिसताच खुडायच्या, म्हणजे झाड लाकडी न होता दाट राहतं. त्या वर्षी कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नाला तुळस भरगच्च होती.

कोरड्या गटासाठी जागा घराच्या दुसऱ्या टोकाला सापडली. पुढच्या, पूर्वेच्या खिडक्यांच्या ग्रिलमध्ये सकाळचं चार-साडेचार तास ऊन येतं आणि नैर्ऋत्येकडून येणारा पावसाचा झोत इमारतच अडवते. दक्षिणेकडच्या छज्जाखाली भिंतीला टेकूनही कुंड्या भिजत होत्या, कारण मुंबईचा पाऊस तिरपा येतो. पूर्वेला तो त्रास नाही. तळमजला असल्याने कुंडी खाली पडण्याची भीतीही नाही. धारावीच्या कुंभारवाड्यातून पाऊस सुरू व्हायच्या आत फूटभर खोल, बिनरंगाच्या मातीच्या कुंड्या आणल्या. त्यांच्या अंगातून पाणी झिरपून उडत राहतं. माती अशी : एक भाग लाल माती, एक भाग चाळलेलं जुनं कंपोस्ट आणि दोन भाग परलाईट (पांढरे, हलके खनिज दाणे) व विटांचा ३ ते ६ मि.मी.चा चुरा. विटांची भुकटी चाळून टाकली, नाहीतर तीच पोकळ्या बुजवते. कोकोपीट अजिबात नाही. लावण्याआधी नर्सरीच्या लाल मातीचा गोळा बादलीत भिजवून हलक्या हाताने धुऊन काढला. हे काम कंटाळवाणं आहे, मुळं थोडी तुटतात, पण तो गोळा तसाच राहिला तर बाकीची सगळी मेहनत वाया.

रुपेरी रंगाचा हट्ट

सुनेचं मन लॅव्हेंडरमध्ये अडकलं होतं, आणि तिची आवड मला समजत होती. त्या रुपेरी-करड्या पानांनी बाकीच्या हिरव्याला उठाव येतो. तरी मी स्पष्ट सांगितलं की मुंबईत लॅव्हेंडरला हिवाळ्याचा पाहुणा मानावं. घ्यायचंच तर दातेरी पानांचं फ्रेंच लॅव्हेंडर घ्यावं, इंग्लिश लॅव्हेंडरपेक्षा ते उकाडा आणि दमटपणा जास्त सोसतं. नोव्हेंबरात आणावं, मेपर्यंत उपभोगावं आणि गेलं तर दुःख करू नये.

रुपेरी रंग मात्र आपल्याच घरातल्या दोन वनस्पती देतात, त्यांच्याकडे आपण बागेतली शोभेची झाडं म्हणून बघतच नाही. एक दवणा आणि दुसरा मरवा. दवण्याची बारीक, करडी-रुपेरी, झालरीसारखी पानं कुठल्याही परदेशी रोपाच्या तोडीची आहेत आणि वास तर असा की एक काडी अख्खी खोली भरते. चैत्रात कोल्हापूरच्या जोतिबाला तो वाहतात, म्हणजे त्याचा हंगाम थंडीचा, आपल्या मुंबईच्या कोरड्या महिन्यांचा. सासूबाईंनी गावाहून बी मागवलं. बी धुळीसारखं बारीक, म्हणून वाळूत मिसळून ऑक्टोबरअखेर ट्रेमध्ये पेरलं आणि वर माती न टाकता नुसतं दाबलं. मरव्याची रोपं नर्सरीतून मिळाली.

वर्षभरानंतर

पूर्वेच्या ग्रिलमधल्या तीन रोझमेरींपैकी दोन पावसाळा काढून हिरव्यागार निघाल्या. तिसरी सप्टेंबरात गेली, तिच्या खोडाशी पिठ्या ढेकूण झाला होता आणि उघडीप न मिळाल्याने निंबोळी तेलाची फवारणी टिकत नव्हती. थाइम एकही जगलं नाही. मी ते पुन्हा लावायला सांगितलेलं नाही. जांभळी बेसिल पावसाळ्यातल्या अंधारात हिरवट पडली, कारण तिच्या पानांतला जांभळा रंग कडक उन्हातच खुलतो. तिच्या शेंड्यांचे तुकडे पाण्यात मुळं धरतात, त्यामुळे सून दर ऋतूला नवी रोपं करून ग्रिलमध्ये लावते. मागच्या अंगणातला गवती चहा हिवाळ्यात सावलीने विरळ होतो. ऑक्टोबरात तो वीतभर ठेवून कापला की निदान विस्कटलेला दिसत नाही.

दवण्याने सगळ्यांना जिंकलं. जानेवारीत त्या कुंड्या दाराशी होत्या आणि येणारा प्रत्येक जण वाकून वास घेत होता. मरवा मेच्या उकाड्यात करपला, पण फेब्रुवारीत काढून ठेवलेल्या फांद्यांपैकी काही रुजल्या होत्या. माळीदादा आता आधी कुंडी उचलून बघतात, मग झारी घेतात.

अंगणातला उन्हाचा तुटवडा तसाच आहे. त्यावर यंदा सोसायटीकडे अर्ज केला होता, नोव्हेंबर ते मार्च दवण्या-मरव्याच्या सहा कुंड्या गच्चीवर ठेवू द्याव्यात म्हणून. कमिटीने परवानगी दिली. अटी अशा : कुंड्या लोखंडी स्टँडवर हव्यात म्हणजे वॉटरप्रूफिंगला ओल लागणार नाही, खाली थाळ्या नकोत आणि एप्रिलच्या आत सगळं खाली न्यायचं. सासूबाईंना रोज गच्चीपर्यंत जिने चढणं जमणार नाही. पाणी घालायची जबाबदारी तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने घेतली आहे, आणि बदल्यात त्याला गवती चहाचं एक ठोंब हवं आहे.